जुन्या पिकअपचे हेडलाइट मंद, बल्ब सारखे उडतात: नवा दिवा घेण्याआधी व्होल्टेज मोजा

ऊस सुरू झाला की आमच्याकडचा रात्रीचा रस्ता बदलतो. तासगावहून विट्याच्या दिशेनं निघालं की अर्ध्या तासात दोन-चार ट्रॅक्टर तरी पुढं लागतात. प्रत्येकामागं दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. पहाटे तीनला ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या फडाकडं निघालेल्या असतात. शेतीची वीज रात्रपाळीची असेल तर माणसं हातात टॉर्च घेऊन मोटार चालू करायला रस्त्याच्या कडेनं चाललेली असतात. या रस्त्यावर मी दोन हंगाम पिवळ्या, मिणमिणत्या उजेडात गाडी हाकली. मागच्या डिसेंबरात एक बैलगाडी मला वीस-पंचवीस फुटांवर आल्यावर दिसली. ब्रेक लागला, बैल बुजले, गाडीवान वाचला, मीही वाचलो. त्यानंतर मात्र हे दुखणं मुळापासून शोधायचंच असं ठरवलं. त्यात काय काय सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण माझ्यासारख्या जुन्या गाड्या आपल्या भागात शेकड्यांनी फिरतात.

गाडी चौदा वर्षांची डिझेल पिकअप. १२ व्होल्टची वायरिंग, काचेची हेडलाइट, आत एच-४ बल्ब. एच-४ मध्ये एकाच बल्बात दोन फिलॅमेंट असतात, अप्परची (लांबच्या उजेडाची) ६० वॅट आणि डिपरची (खाली झुकलेल्या उजेडाची) ५५ वॅट, आणि मागं तीन पाय. जुन्या पिकअप, जीप, टेम्पो यांतल्या कितीतरी गाड्यांना हाच बल्ब बसतो. तक्रारी दोन होत्या. दोन्ही दिवे मंद, हे एक. क्लीनर बाजूचा, म्हणजे डावीकडचा, बल्ब महिना-दीड महिन्यात उडतो, हे दुसरं. मी दोन्ही एकच दुखणं समजत होतो आणि तिथंच माझं चुकत होतं. त्यांची कारणं वेगळी निघाली, आणि शेवटी तिसरंच एक कारण वर आलं.

आधी मी काय काय करून बसलो ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्यांदा नुसते बल्ब बदलले. उजेड होता तेवढाच राहिला. मग ढाब्यावर एकानं १००/९० वॅटचे बल्ब घालायला सांगितलं. ते घातले आणि पहिले आठ दिवस रस्ता उजळला. नवव्या-दहाव्या दिवशी कराडच्या अलीकडं डिपरवर असताना केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास आला. स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचला हात लावला तर चटका बसला. सकाळी बोनेट उघडून बघतो तर ड्रायव्हर बाजूचा होल्डर वितळून बल्बच्या पायांना चिकटलेला.

याचा हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन डिपर मिळून साधारण ९ अँपिअर करंट ओढतात. ९० वॅटचे दोन असतील तर १५. तारेत आणि स्विचच्या पॉइंटवर होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट दीडपटीच्या थोडा वर गेला तरी उष्णता अडीचपटीच्याही वर जाते. ५५ वॅटसाठी केलेल्या, चौदा वर्षं जुन्या वायरिंगला ते झेपणं शक्यच नव्हतं. मंद दिव्यावर जास्त वॅटचा बल्ब हा उपाय कुणी सांगितला तर करू नका. गाडी पेटते.

त्यानंतर एका दुकानात दोन्ही हेडलाइट पूर्ण बदलून घेतले. नवी काच, नवं रिफ्लेक्टर. थोडा फरक पडला, पण दिवा पिवळा तो पिवळाच, आणि क्लीनर बाजूचा बल्ब परत उडालाच.

मिरजेत एक वयस्कर मिस्त्री आहेत, ट्रकच्या वायरिंगचं काम करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी त्यांच्याकडं नेली तर त्यांनी दिव्याला हातसुद्धा लावला नाही. 'बल्बाला खायला किती पोचतंय ते बघितलं का कधी?' एवढंच विचारलं आणि मीटर काढला.

मंद दिवा: बॅटरीपासून बल्बापर्यंत किती व्होल्ट गळतात

साधा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर लावा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि बल्ब होल्डरमध्ये बसलेला. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मीटरची टोकं घातली तर जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण करंटच वाहत नसतो. पाइपला शेवटी झाकण लावलं की दाब पूर्ण दिसतो, पण नळ सोडला की कळतं आत किती गाळ साचलाय. इथंही तसंच आहे. मी स्वतः सहा महिने रिकाम्या होल्डरमध्ये मोजून 'व्होल्टेज तर बरोबर येतंय' म्हणत होतो.

होल्डरच्या मागच्या बाजूनं, तार जिथं आत शिरते तिथून, मीटरची टोकं आत सरकवून पायांना टेकवायची. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा, मग बल्बाच्या डिपरच्या पायावर आणि अर्थच्या (करंट परत नेणाऱ्या) पायावर. माझ्या गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बावर ११.३. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेतच खपत होते.

अडीच-पावणेतीन व्होल्टनं काय बिघडतं असं वाटणं साहजिक आहे. पण हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. माझ्या गाडीतलं एकोणीस टक्के घटलं होतं, म्हणजे उजेड जवळजवळ निम्माच मिळत होता. बल्ब कितीही चांगल्या कंपनीचा घातला असता तरी हेच झालं असतं.

आता हे २.६ व्होल्ट कुठं जातात ते शोधायचं. बल्बाच्या दोन्ही बाजूंना तारा असतात, एक करंट घेऊन येणारी आणि दुसरी अर्थची. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक बल्बाच्या डिपर पायावर ठेवा, दिवा चालूच ठेवून. जो आकडा येतो तो येणाऱ्या तारेतला घाटा. माझ्याकडं १.७ आला. मग काळं टोक बॅटरीच्या मायनसवर आणि लाल टोक बल्बाच्या अर्थ पायावर. इथं ०.९ आला. दोन्हींची बेरीज २.६, हिशेब जुळला. चांगल्या स्थितीतल्या वायरिंगमध्ये दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घाटा असू नये असं मी धरतो. मीटर घ्यायचा असेल तर तीन-चारशे रुपयांचाही या कामाला चालतो. मीटरची तार आखूड पडली तर जोडून घ्या, त्यानं मोजमाप बिघडत नाही.

अर्थची बाजू आधी घ्या, कारण ती फुकटात दुरुस्त होते. हेडलाइटची काळी तार पुढच्या पॅनेलला एका बोल्टखाली आवळलेली असते. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर बऱ्याचदा रंगावरच थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आवळलेला सापडतो. माझ्या गाडीत तसंच होतं, वरून गंज. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तारेला नवा थिंबल दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून ग्रीस लावलं. बॅटरीच्या मायनसची जाड पट्टी चेसिसला जिथं बसते तो बोल्टही तसाच साफ केला, आणि इंजिनपासून चेसिसला येणारी पट्टीही. ०.९ चा आकडा ०.१ वर आला. खर्च एका थिंबलचा.

अर्थ खराब आहे हे मीटरशिवायही ओळखता येतं. अप्पर लावल्यावर पार्किंग लाइट हलकीशी मिणमिणायला लागली, किंवा इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर हेडलाइट कमी-जास्त व्हायला लागली, तर करंट घरी परतायला भलती वाट शोधतोय असं समजा. एकाच बाजूचा दिवा मंद असेल तर त्या बाजूचा अर्थ किंवा होल्डर बघा. दोन्ही बाजूंचे सारखेच मंद असतील तर बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर आहे.

आता येणारी बाजू. माझ्यासारख्या जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे केबिनमध्ये येतो, लाइटच्या स्विचमधून आणि अप्पर-डिपरच्या दांड्यातून जातो आणि मग परत पुढं दिव्याकडं. मधे पाच-सहा कनेक्टर. स्विचच्या पॉइंटवर कार्बन धरलेला असतो, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट क्षार आलेला असतो, आणि तार मुळातच बारीक. एकेक जोड साफ करून थोडा फायदा होतो, पण या वयात ती वायरिंग पुन्हा नवी होत नाही. चाचांनी रिले लावायला सांगितलं आणि तेच बरोबर होतं.

रिले कसे जोडले

रिलेची कल्पना अशी आहे की जुना स्विच आणि जुन्या तारा यांनी आता दिवा पेटवायचा नाही, नुसता इशारा द्यायचा. रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आतच ओढते, त्यामुळे दांडा गरम होत नाही. दिव्याचा खरा करंट बॅटरीवरून जाड तारेनं थेट जातो. दोन रिले लागतात, एक अप्परला, एक डिपरला.

चार पायांच्या ४० अँपिअरच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस येतो, फ्यूजमधून. ८७ वरून दोन्ही बाजूंच्या नव्या होल्डरला तार जाते. ८६ ला जुन्या होल्डरमधली डिपरची (किंवा दुसऱ्या रिलेला अप्परची) तार, आणि ८५ ला अर्थ. दोन्ही रिलेंसाठी बॅटरीकडून येणारी तार मी अडीच चौरस एमएमची घेतली, आणि प्रत्येक रिलेला वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज. दिव्याकडं जाणारी तार आणि नवा अर्थही अडीच एमएमचाच. होल्डर सिरॅमिकचे घेतले, ते उष्णतेनं वितळत नाहीत.

जोडण्याआधी एक खात्री करून घ्या. काही गाड्यांत स्विच प्लस बाजूला नसून अर्थ बाजूला असतो, म्हणजे बल्बाला प्लस सतत असतो आणि दांडा अर्थ जोडतो-तोडतो. अशा गाडीत वर सांगितलेली जोडणी चालणार नाही. जुन्या होल्डरच्या तीनही पायांवर अप्पर-डिपर करून मीटरनं बघितलं की लगेच कळतं. तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नका, चौदा वर्षांत तिथं कुणी कुठली तार जोडलीय हे देवालाच ठाऊक.

मी जुनी वायरिंग कापली नाही. जुन्या होल्डरमध्ये बसेल असा तीन पायांचा प्लग घेऊन त्यातून इशाऱ्याच्या तारा रिलेला नेल्या. घाटात रात्री रिलेनं दगा दिला तर तोच जुना होल्डर परत बल्बाला लावून गावापर्यंत येता येतं. हे सगळं हातानं जोडायचं नसेल तर तयार वायरिंगचा संचही बाजारात मिळतो, पण घेताना तारेची जाडी हातानं चाचपून बघा. काहींचं वरचं रबर जाड आणि आतलं तांबं केसाएवढं असतं.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असला पाहिजे. त्याच्या पुढं तार कुठंही पत्र्याला घासली तरी फ्यूज उडेल. फ्यूज दूर असेल तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार घासल्यावर वाचवणारं कुणीच नाही. तार पत्र्याच्या भोकातून नेताना रबर ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) घाला. रिले बसवताना पाय खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी आत उतरत नाही. रेडिएटरच्या अगदी जवळ लावू नका. आणि कामाला सुरुवात करताना बॅटरीचा मायनस काढा. घाईत हे राहून जातं, पाना प्लसवरून बॉडीला टेकतो आणि ठिणग्यांनी हात भाजतो.

काम झाल्यावर मोजलं. बॅटरीवर १३.९, बल्बावर १३.५. बल्ब साधेच, ६०/५५ वॅटचे. त्या रात्री विट्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर अप्पर लावला आणि कडेच्या बाभळीची पानं दिसली. माझ्याबरोबर भाचा होता, तो म्हणाला, 'मामा, हा रस्ता एवढा रुंद हाय व्हय?'

मग तीन आठवड्यांत दोन्ही बल्ब एकाच फेरीत उडाले

पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर ड्रायव्हर बाजूचा गेला, आणि उंब्रजच्या आसपास दुसरा. पुढचा रस्ता पार्किंग लाइटवर आणि एका ट्रकच्या मागं-मागं काढला. मला वाटलं रिलेच चुकीचे बसले.

एक बाजू वारंवार जात असेल तर कारण त्या बाजूचं असतं. दोन्ही बाजू थोड्या अंतरानं जात असतील तर आधी चार्जिंग तपासा. मी आतापर्यंत इंजिन आयडलिंगवर ठेवूनच मोजत होतो. चाचांनी भाच्याला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि बॅटरीवर मीटर लावला. रेस दिल्याबरोबर आकडा १४, १४.५, १५ आणि १५.२ वर जाऊन थांबला. १२ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असायला हवं. अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरून धरणारा भाग, गेलेला होता.

हॅलोजन बल्बाचं व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. १५.२ वर बल्ब पांढराशुभ्र पेटतो, डोळ्याला छान वाटतं, आणि काही आठवड्यांत जातो. पण मग आधीच्या दोन वर्षांत ड्रायव्हर बाजूचा बल्ब कसा टिकला? कारण जुनी गंजकी वायरिंग अडीच-तीन व्होल्ट वाटेत खात होती. रस्त्यावर रेसमध्येसुद्धा बल्बाला साडेबाराच्या पुढं काही पोचतच नव्हतं. एक दुखणं दुसऱ्याला झाकत होतं. वायरिंग सुधारली आणि रेग्युलेटरचं दुखणं उघडं पडलं.

खुणा आधीपासून होत्या, मीच वाचल्या नव्हत्या. दर पंधरा दिवसांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत होतं. बॅटरीच्या वरच्या बाजूला पांढरट थर येत होता. दूरचा प्रवास झाला की बोनेटखालून सडक्या अंड्यासारखा वास यायचा. बॅटरी जुनी झाली असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. तुमच्या गाडीत यातलं काही होत असेल तर रिले लावण्याच्या आधी रेस देऊन चार्जिंग मोजून घ्या. रेग्युलेटर बदलल्यावर माझ्या गाडीत रेसला १४.२ वर आकडा स्थिर झाला. बॅटरीचं पाणीही आता दोन-दोन महिने बघावं लागत नाही.

क्लीनर बाजूचा बल्ब: कारण व्होल्टेजचं नव्हतंच

त्या बाजूला दिव्याच्या काचेवर अंगठा ठेवून दाबलं तर अख्खी हेडलाइट आत-बाहेर हलायची. मागचा प्लास्टिकचा ॲडजस्टर तुटलेला होता आणि दुकानानं नवा दिवा बसवताना तोच तुटका ॲडजस्टर परत वापरला होता. पिकअपचे पाटे (स्प्रिंगा) कडक, गाडी रिकामी असली की प्रत्येक खड्डा थेट वर येतो. पेटलेली फिलॅमेंट तापलेली असते, तेव्हा ती सर्वांत नाजूक असते. सैल दिव्यात ती थरथरून तुटते. शिवाय बल्बाच्या मागचं रबरी टोपण गायब होतं, त्यामुळे सर्व्हिसिंगच्या प्रेशरचं पाणी थेट आत जात होतं.

उडालेला बल्ब फेकू नका, उजेडाकडं धरून बघा. काच स्वच्छ आणि फिलॅमेंट मधे तुटलेली असेल तर धक्क्यानं किंवा वयानं गेला. आत पांढरी पूड किंवा पांढरट धूर दिसला तर काचेला चीर जाऊन हवा शिरली, म्हणजे बहुतेक तापलेल्या बल्बावर पाणी पडलं. काच काळसर-चंदेरी झाली असेल तर बल्ब पूर्ण झिजून किंवा जास्त व्होल्टेजनं गेला. काचेला फुगा आला असेल तर कुणीतरी तेलकट बोट लावलं होतं. माझ्याकडं डॅशबोर्डच्या खणात त्या बाजूचे पाच बल्ब पडले होते, तीन धक्क्यानं तुटलेले, दोन पांढरे. दोन वर्षं उत्तर खणातच होतं.

बोटाचं थोडं सांगतो. एच-४ ची काच क्वार्ट्झची असते आणि ती फार तापते. बोटाचं तेल जिथं लागतं तिथं ती जागा वेगळी तापते आणि कमकुवत होते. बल्ब धातूच्या भागाला धरा, किंवा कोरड्या स्वच्छ कापडानं. चुकून बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसून घ्या. बल्बाच्या कड्याला तीन कान असतात, ते खाचेत नीट बसले की मगच स्प्रिंगची पिन लावा. पिन जोर लावून बसत असेल तर बल्ब तिरका आहे. तिरका बल्ब पेटतो, पण उजेड झाडावर पडतो.

पूर्ण हेडलाइट बदलायचीच असेल तर

रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल, काळपट किंवा फोड आलेले असतील, तर दिवा बदलण्यावाचून उपाय नाही. रिफ्लेक्टर आतून कापडानं पुसू नका, तो चंदेरी थर फार पातळ असतो, फडकं फिरवलं की निघतो. प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी पडली असेल तर मात्र ती घासून पॉलिश करता येते, दिवा टाकायची गरज नाही.

काढण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करून डिपरच्या उजेडाची वरची कड खडूनं आखून ठेवा. मग ग्रिल काढा. स्क्रू गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर डोकी घासतात. दिवा धरून ठेवणारे स्क्रू वेगळे आणि उजेड वर-खाली करणारे ॲडजस्टर वेगळे, हे ओळखूनच पाना लावा. नवा दिवा घेताना ॲडजस्टर, त्याच्या प्लास्टिकच्या नट आणि मागचं रबरी टोपण त्याबरोबर आहे का ते दुकानातच बघा.

अजून एक. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून डिपरचा उजेड डाव्या कडेला वर चढलेला हवा आणि उजवीकडं, समोरच्याच्या बाजूला, खाली कापलेला हवा. काही स्वस्त दिवे उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांच्या आकाराचे येतात, त्यांचा उजेड उजवीकडं चढतो. तो थेट समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो. भिंतीवर एक मिनिटात कळतं, तसा दिवा परत करा.

एलईडीबद्दल रोज कुणीतरी विचारतं. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. रिफ्लेक्टरचा आकार फिलॅमेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून, त्या आकारात येत नाही, आणि खाली कापलेली कड विस्कटते. गाडीच्या पुढं पंधरा-वीस फूट लखलखाट होतो, म्हणून चालवणाऱ्याला बरं वाटतं. समोरून दुचाकीवर पोराबाळांना घेऊन येणारा माणूस मात्र दोन-तीन सेकंद आंधळा होतो. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं, तिथं हेडलाइट बघतात, आणि असे बल्ब लावून गेलात तर हेलपाटा पडू शकतो.

उजेडाची उंची लावताना आमच्याकडं सर्रास एक चूक होते, गाडी रिकामी असताना सेटिंग करतात. मी गावातल्या गोदामाच्या भिंतीसमोर, सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी लावली. चारही टायरमध्ये हवा बरोबर. जमिनीपासून बल्बाच्या मध्यापर्यंतची उंची मोजली, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर रेघ मारली आणि डिपरची कड त्या रेघेच्या तीन इंच खाली आणली. रिकाम्या गाडीला हे उत्तम. मग मागं द्राक्षाचे क्रेट भरले. मागचे पाटे दोन-एक इंच जास्त दबले. दोन चाकांमधलं अंतर दहा फुटांच्या आसपास असलं की तेवढ्यानं गाडीचं नाक साधारण एक अंशानं वर जातं, आणि एक अंश म्हणजे पंचवीस फुटांवर पाच इंच. तीन इंच खाली असलेली कड दोन इंच वर गेली. म्हणजे भरल्या गाडीनं मी दोन वर्षं समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यात डिपर मारत होतो आणि ते अप्पर मारून शिव्या देत होते, त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

माझी रात्रीची फेरी नेहमी भरलेलीच असते, येताना दिवस उजाडलेला असतो किंवा गाडी अर्धी भरलेली असते. म्हणून मी नेहमीच्या वजनावर, ड्रायव्हर बसवून, कड तीन इंच खाली लावली. रिकाम्या गाडीत उजेड थोडा जवळ पडतो, तेवढं चालवून घेतो. डॅशबोर्डवर उजेडाची उंची बदलायचं चाक ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी ते वापरावं, ते त्याचसाठी दिलेलं असतं.

आता बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं चार आकडे लिहिलेत: रेसला बॅटरी १४.२, बल्ब ड्रायव्हर बाजू १३.८, क्लीनर बाजू १३.७, अर्थ ०.१. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेला लावतो, त्याच दिवशी मीटर काढून हेच चार आकडे परत मोजायचे, ऊस सुरू व्हायच्या आधी. अर्थचा आकडा ०.३ च्या वर गेला तर बोल्ट खोलायचा. चार्जिंग १४.५ च्या पुढं गेलं तर फेरी रद्द करून मिरज गाठायची.